मुलुंडची एक इलेक्ट्रिक गाडी, दोन फोन आणि एकच डेटा पोर्ट

मुलुंड पूर्वेची सात मजली इमारत. खाली स्टिल्ट पार्किंग आणि त्याच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, गाडीवाल्यांचा फ्लॅट. गाडी छोटी इलेक्ट्रिक हॅचबॅक, २४ किलोवॉट-तासांची बॅटरी, सात इंची टचस्क्रीन. या स्क्रीनवर अॅपल कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटो (फोनमधला नकाशा, गाणी, कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या सोयी, पहिली आयफोनची, दुसरी अँड्रॉइडची) दोन्ही चालतात, पण फक्त वायरने. पतीचा फोन अँड्रॉइड, टाइप-सी पोर्टचा. पत्नीचा आयफोन १३, म्हणजे लाइटनिंग पोर्ट. पती सोमवार ते शुक्रवार ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे, छेडा नगर, ईस्टर्न फ्रीवे आणि पी. डिमेलो रोड असं करत फोर्टला जातात. शनिवारी पत्नी गाडी घेऊन गिरगावात आईकडे जातात. मागे बहुतेक वेळा सासरे बसतात, त्यांच्याकडे तिसरा, साधा अँड्रॉइड फोन.

या घराच्या तक्रारी तीन. दोन जातींच्या वायरी गाडीत कायम लोंबकळतात. रस्ता खराब आला की नकाशा जातो आणि स्क्रीनवर रेडिओ येतो. आणि चार्जिंग स्टेशनवर उतरून क्यूआर कोड स्कॅन करायचा तर दर वेळी फोन वायरीतून उपटावा लागतो. पेट्रोल गाडीवाल्याला या तिसऱ्या गोष्टीचा फारसा जाच होत नाही, इलेक्ट्रिकवाल्याला आठवड्यातून दोनदा तरी होतो. म्हणून वायरीचं काम बिनवायरीने करणारा वायरलेस अॅडॅप्टर घ्यायचा, बजेट ५,००० रुपयांच्या आत, आणि प्रश्न एकच: कोणत्या कंपनीचा घेऊ?

या प्रश्नाचा नंबर तिसरा लागतो. त्याआधी दोन प्रश्न गाडीला विचारायचे असतात. पोर्ट धड आहे का, आणि पोर्ट झोपतो कधी, म्हणजे गाडी बंद केल्यावर त्याची वीज जाते कधी? या प्रकरणात निर्णय फिरला तो या दोन उत्तरांवर, खोक्यावरच्या नावावर नाही. (गाडीचं मॉडेल मुद्दाम लिहिलेलं नाही. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक स्क्रीनचं सॉफ्टवेअर बदलतं आणि त्याबरोबर पोर्टची वागणूकही बदलते, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीचं उत्तर आपल्या गाडीला लागू पडेलच असं नाही.)

अॅडॅप्टर नेमकं काय करतो

अॅडॅप्टर गाडीच्या यूएसबी पोर्टात बसतो आणि गाडीला सांगतो, मीच फोन आहे. गाडी त्याच्याशी वायरवाल्या फोनसारखीच बोलते. दुसऱ्या बाजूने तो खऱ्या फोनशी आधी ब्लूटूथवर ओळख करून घेतो आणि मग स्वतःचं ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय उघडून फोनला त्यावर बोलावतो. नकाशा, गाणी, स्पर्श सगळं त्या वाय-फायवरून जातं. ब्लूटूथचं काम फक्त दार उघडण्यापुरतं. इंटरनेट मात्र फोनच्या सिमचंच वापरलं जातं.

यातून काही गोष्टी आपोआप ठरतात. गाडीत मुळात वायरचा कारप्ले किंवा अँड्रॉइड ऑटो नसेल तर हा डोंगल निरुपयोगी. जुलै २०२५ मध्ये बीकेसीत टेस्लाचं शोरूम उघडल्यापासून टेस्लात हा डोंगल चालेल का, हा प्रश्न मुंबईतही विचारला जातो. टेस्लाच्या स्क्रीनसाठी विकले जाणारे अॅडॅप्टर गाडीच्या ब्राउझरमधून चालतात. ती वेगळीच जात आहे, इथला हिशोब तिकडे लावू नये. दुसरं, हे फोनचं जसंच्या तसं प्रतिबिंब नसतं. ठरावीक अॅपच दिसतात, वायरने दिसायची तेवढीच. तिसरं, फोनला ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय लागतंच, आणि अँड्रॉइड असेल तर आवृत्ती ११ किंवा पुढची हवी. सासऱ्यांचा फोन इथेच बाद झाला: घरच्या राउटरची ५ गिगाहर्ट्झची जोडणी त्याच्या यादीत दिसतच नव्हती. फोन तपासायची याहून सोपी रीत नाही.

आधी वायर, मग वायरलेस

खराब रस्त्यावर नकाशा जातो ही तक्रार ऐकल्यावर पुष्कळ जण थेट अॅडॅप्टर मागवतात. पण अॅडॅप्टर त्याच पोर्टात बसतो. पोर्टाची पकड ढिली असेल तर तो आजार अॅडॅप्टरकडे जसाच्या तसा येतो, उलट वाढतो: वायर पुन्हा लागली की नकाशा पाच सेकंदांत परत येतो, अॅडॅप्टरची वीज क्षणभर गेली तर तो पहिल्यापासून सुरू होतो आणि अर्ध्या मिनिटाचा खोळंबा होतो.

म्हणून पहिला खर्च एका चांगल्या डेटा केबलचा. एक मीटरच्या आतली आणि डेटा वाहणारी. बाजारात चार्जिंगपुरत्या दोन तारांच्या केबली ढिगाने मिळतात. त्यांवर फोन चार्ज होतो, स्क्रीन मात्र फोन ओळखत नाही. खात्री करायची तर ती केबल लॅपटॉपला लावून फोनमधले फोटो दिसतात का ते पाहावं. गाडीत दोन पोर्ट होते. एकावर विजेचं चिन्ह, तो फक्त चार्जिंगचा. दुसऱ्यावर यूएसबीचं त्रिशूळासारखं चिन्ह, तो डेटाचा. अॅडॅप्टरसाठी हा दुसराच पोर्ट चालतो आणि तो गाडीत बहुधा एकच असतो.

नव्या केबलवर आठ दिवस गाडी चालवली. रोज चार-पाच वेळा जाणारा नकाशा आठवड्यात एकदाच गेला. म्हणजे दोष मुख्यतः जुन्या केबलीच्या झिजलेल्या टोकात होता, पोर्ट बऱ्यापैकी धड होता. हा निकाल उलटा आला असता, नवी केबलही रोज तुटली असती, तर आधी सर्व्हिस सेंटरला पोर्ट दाखवायचा, अॅडॅप्टरचं नाव काढायचं नाही. खरं तर इथेच थांबलं असतं तरी अर्धी तक्रार मिटली होती. उरली दोन वायरींची आणि चार्जिंग स्टेशनची अडचण, आणि ती खरी होती.

मग तीन-चारशे रुपयांचा यूएसबी मीटर त्या पोर्टात लावला. रिकाम्या पोर्टावर ५.०४ व्होल्ट, अर्धा अँपियर ओढल्यावर ४.८९. जुन्या यूएसबी २.० च्या नियमानुसार पोर्टाने अर्धा अँपियर द्यायचा असतो. पुष्कळ अॅडॅप्टरांच्या खोक्यावर ५ व्होल्ट १ अँपियर छापलेलं असतं. प्रत्यक्षात चालू स्थितीत ते ०.३ ते ०.४ अँपियर घेतात, सुरू होताना मात्र क्षणभर जास्त ओढतात. व्होल्टेज ४.७ च्या खाली घसरत असेल तर सुरू होतानाच अडकून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होणाऱ्या अॅडॅप्टरची तयारी ठेवावी. इथे ती भीती नव्हती.

पोर्ट झोपतो कधी

इलेक्ट्रिक गाडीच्या बाबतीत सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न हा आहे.

अॅडॅप्टर दीड-दोन वॉट खातो. रेंजची काळजी करायची गरज नाही: दोन वॉटने दोन तास चालला तर चार वॉट-तास झाले, आणि गाडीला एका किलोमीटरला साधारण ११० ते १२० वॉट-तास लागतात. म्हणजे फोर्टपर्यंतच्या अख्ख्या प्रवासात अॅडॅप्टरने ३५ मीटरची रेंज खाल्ली. पण यूएसबी पोर्टाला वीज मोठ्या बॅटरीतून थेट येत नाही, ती येते बॉनेटखालच्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीतून. ही छोटी बॅटरी गाडी चालू असताना किंवा चार्ज होत असताना मोठ्या बॅटरीकडून भरली जाते. गाडी बंद उभी असेल तर पुष्कळ गाड्यांत कोणी तिच्याकडे बघत नाही. आणि ती उतरली तर मोठ्या बॅटरीत ८० टक्के चार्ज असूनही गाडी सुरू होत नाही, कारण मोठी बॅटरी जोडणारे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, चालवायला हीच छोटी बॅटरी लागते.

हिशोब करून पाहू. १२ व्होल्ट, ३५ अँपियर-तास म्हणजे ४२० वॉट-तास. पोर्ट कायम जागा असेल आणि अॅडॅप्टर दीड वॉट घेत असेल तर दिवसाला ३६ वॉट-तास. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली नेऊ नये असं धरलं तर सहा दिवसांत तिथे पोचलो, आणि यात गाडीचा स्वतःचा झिरपता खर्च धरलेलाच नाही. गणपतीत कोकणकन्याने दहा दिवस गावी गेलेल्या घराची गाडी स्टिल्टमध्ये उभी असते. परत आल्यावर रिमोटने दार उघडत नाही, मग दोष चार्जरला दिला जातो.

चाचणी स्वस्तातली आहे. शंभर रुपयांचा यूएसबी दिवा डेटा पोर्टात खोचायचा, गाडी बंद करून लॉक करायची आणि काचेतून बघत राहायचं. या गाडीत दिवा लॉक केल्यावर साधारण तीन मिनिटांनी विझला. उत्तम, छोट्या बॅटरीची चिंता मिटली. पण तिथेच न थांबता चार्जिंगची गन लावली. दिवा पुन्हा पेटला आणि चार्जिंग संपेपर्यंत पेटलेलाच राहिला. चार्जिंग चालू असताना छोटी बॅटरीही भरली जात असल्यामुळे ती उतरण्याचा प्रश्न नाही. पण रात्री अकरा ते पहाटे पाच अॅडॅप्टर जागा राहणार आणि त्याच्या डोक्यावर आठ-दहा फुटांवर दोन फोन झोपलेले असणार. याचा अर्थ काय ते पहिल्या खरेदीनंतर कळलं.

चार वाटा

दुकानात आणि ऑनलाइन मिळून चार प्रकार समोर होते. फक्त अँड्रॉइड ऑटोचा अॅडॅप्टर: २०२२ चा मोटोरोला एमए१ या जातीतला, आणि २०२० मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिलेला एएवायरलेसही सुरुवातीला असाच होता. साधेपणा हा यांचा मोठा गुण, पण घरात एक आयफोन असेल तर अर्धं घर बाहेर राहतं. तसाच फक्त कारप्लेचा. तिसरा दोन्ही चालवणारा टू-इन-वन. चौथा एआय बॉक्स, म्हणजे ज्याच्यात स्वतःचंच अँड्रॉइड असतं, वेगळं सिम घालता येतं आणि गाडीच्या स्क्रीनवर व्हिडिओ चालतो. तो महाग, जास्त तापणारा, सुरू व्हायला जास्त वेळ घेणारा आणि जास्त वीज ओढणारा. चालकासमोर व्हिडिओ चालू ठेवणं हा त्याचा विक्रीचा मुद्दा असेल तर तोच तो न घेण्याचाही मुद्दा आहे.

स्क्रीनच बदलून टाकू, असाही सल्ला ऑपेरा हाऊसच्या अॅक्सेसरीवाल्यांकडून मिळाला होता. इलेक्ट्रिक गाडीत तो मानू नये. या स्क्रीनमध्ये पुष्कळदा चार्जिंगची मर्यादा, रीजनरेटिव्ह ब्रेकिंगची (वेग कमी होताना बॅटरी भरण्याची) पातळी, मागचा कॅमेरा असं बरंच काही गुंतलेलं असतं, आणि वायरिंग कापलं की वॉरंटीचा वाद उभा राहतो. अॅडॅप्टर नुसता खोचायचा असतो, काढला की गाडी पूर्वीसारखी.

टू-इन-वन घ्यायचं ठरलं. त्यातही दोन पोटजाती आहेत आणि त्या खोक्यावर लिहिलेल्या नसतात. काही अॅडॅप्टर अँड्रॉइड फोनसाठी गाडीसमोर अँड्रॉइड ऑटो म्हणूनच उभे राहतात. काही मात्र अँड्रॉइड फोन जोडला तरी गाडीला कारप्लेच दाखवतात आणि मधे भाषांतर करतात. फरक कळतो तो फोनवर बोलताना. अस्सल अँड्रॉइड ऑटोत कॉलचा आवाज फोनकडून गाडीच्या स्वतःच्या ब्लूटूथवर जातो, अॅडॅप्टरमधून नाही. त्यामुळे अँड्रॉइड फोन गाडीच्या ब्लूटूथशी जोडलेलाच ठेवावा लागतो. कारप्लेत उलट: कॉलही कारप्लेमधूनच येतो, म्हणून आयफोन गाडीच्या ब्लूटूथच्या यादीतून काढून टाकावा, नाहीतर गाडी आणि अॅडॅप्टर दोघेही फोन ओढत बसतात. घरात दोन्ही फोन असतील तर दोघांना एकच नियम लावून चालत नाही. "अॅडॅप्टर लावल्यापासून समोरच्याला माझा आवाज जात नाही" या तक्रारीच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं.

पहिला अॅडॅप्टर परत का गेला

पहिला टू-इन-वन २,८०० रुपयांचा. पेनड्राइव्हसारखा सरळ पोर्टात घुसणारा, बटण नाही, स्क्रीनवर स्वतःचं पान नाही. वीज मिळाली की शेवटचा फोन शोधायचा आणि जोडायचा, एवढंच त्याला येत होतं. दिवसा चाललाही बरा.

रात्री गाडी चार्जिंगला लागली की अॅडॅप्टर जागा व्हायचा आणि वर बेडरूममधला अँड्रॉइड फोन पकडायचा. ब्लूटूथचा पल्ला दहा मीटरच्या आसपास असतो. मधे स्लॅब असला तरी बाल्कनीच्या बाजूने वाट सापडायची. फोन घरचं वाय-फाय सोडून अॅडॅप्टरच्या वाय-फायवर जायचा, त्याला इंटरनेट नसल्यामुळे सिमचा डेटा वापरायचा, आणि रात्री कोणाचा फोन आला तर आवाज खालच्या गाडीत. दोन रात्री "हॅलो, हॅलो" झाल्यावर हे लक्षात आलं. अँड्रॉइड फोन वर नसला की आयफोनची पाळी.

मधे स्विच असलेली छोटी केबल लावून रात्री अॅडॅप्टर बंद करू, असा उपाय सुचला. कल्पना बरोबर, पण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक स्विचवाल्या यूएसबी केबली फक्त वीज नेतात, डेटाच्या तारा त्यात नसतातच. स्विच लावल्यावर अॅडॅप्टरचा दिवा लागला, गाडीने मात्र तो ओळखलाच नाही.

दुसरी अडचण रस्त्याची. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर पेव्हर ब्लॉकच्या पट्ट्यांवरून गेलं की जोडणी तुटायची. इथे निदान करायची एक सोपी खूण आहे. तुटल्यावर अॅडॅप्टरचा दिवा विझून पुन्हा लागला आणि परत यायला वीस-पंचवीस सेकंद लागले, तर वीज तुटली, म्हणजे प्लगची पकड हलते. दिवा तसाच राहिला आणि पाच-सात सेकंदांत नकाशा परत आला, तर वाय-फाय तुटलं. नकाशा जागेवर आहे, गाणं वाजतंय, नुसता बाण थिजलाय, तर यात अॅडॅप्टरचा संबंधच नाही, जीपीएस गेलंय: फ्रीवेच्या बोगद्यात आणि कोस्टल रोडच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यात ते होणारच. या तिन्हींना लोक एकाच शब्दात "कनेक्शन जातं" म्हणतात आणि मग चुकीच्या ठिकाणी दुरुस्ती करत बसतात. इथे दिवा विझत होता. सरळ खोचलेला डोंगल पोर्टाबाहेर दोन इंच लोंबतो, प्रत्येक धक्क्याला तरफेसारखा हलतो, आणि तो झटका पोर्टाच्या पत्र्यांवर बसतो. असा डोंगल काही महिने चालवला तर धड पोर्टही ढिला होईल.

ऑनलाइन घेतलेला असल्यामुळे सात दिवसांच्या आत परत गेला. लॅमिंग्टन रोडवर हीच जात थोडी स्वस्त मिळते, पण उघडलेला खोका परत घेण्याची बोली आधी पक्की करून मगच पैसे द्यावेत. अॅडॅप्टर ही आपल्याच गाडीत, आपल्याच फोनवर लावून पाहिल्याशिवाय ठरवायची वस्तू आहे.

दुसरा, आणि त्याची बसवणी

आता मागणी नेमकी झाली होती. पोर्टाबाहेर लोंबणारा नाही, तर छोट्या लवचीक केबलने जोडून चिकटवता येणारा चपटा डबा. फोन जोडण्याआधी गाडीच्या स्क्रीनवर स्वतःचं पान दाखवून फोनांची यादी देणारा. आपोआप जोडणी बंद करायची सोय असलेला. वाय-फायचा चॅनेल, म्हणजे लहरींच्या पट्ट्यातली जागा, बदलता येणारा. आणि निर्मात्याकडून वेळच्या वेळी अपडेट मिळणारा, कारण दर सप्टेंबरात आयओएसची नवी आवृत्ती आली की काही अॅडॅप्टर लंगडायला लागतात. ज्याच्यामागे कोणी नाही तो तसाच लंगडत राहतो. ४,६०० रुपयांत असा मिळाला.

आपोआप जोडणी बंद केल्यावर दोन प्रश्न एका झटक्यात सुटले. रात्री तो जागा झाला तरी कोणाला हाक मारत नाही. आणि शनिवारी दोघं एकत्र निघाले तर कोणाचा फोन जोडायचा ते स्क्रीनवर नावाला बोट लावून ठरतं. किंमत एवढीच की गाडी सुरू केल्यावर दर वेळी एकदा बोट लावायचं.

बसवणीत घाई करू नये. क्रम असा ठेवला:

१. गाडीच्या स्क्रीनमधून दोन्ही फोनांच्या जुन्या नोंदी पुसल्या. दोन्ही फोनांतून गाडीचं ब्लूटूथ आणि परत गेलेल्या अॅडॅप्टरच्या नोंदीही पुसल्या. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, कारप्ले इथे जाऊन "ही गाडी विसरा".

२. सोबत आलेल्या वीस सेंटिमीटरच्या केबलने अॅडॅप्टर लावला, डबा वेल्क्रोने डॅशबोर्डच्या खालच्या कप्प्यात आतल्या बाजूला चिकटवला. विंडस्क्रीनखाली डॅशवर ठेवायचा नाही. मे महिन्यात उघड्यावर उभ्या गाडीत तिथे हात लावता येत नाही इतकं तापतं. एसीच्या झोतासमोरही नाही, पावसाळ्यात तिथे दव धरतं. चारी बाजूंनी धातू असलेल्या जागेतही नको.

३. आधी एकच फोन, आयफोन, जोडला. "लॉक असताना कारप्ले चालू द्या" हे चालू आहे ना पाहिलं. स्क्रीन टाइममध्ये कारप्लेवर बंदी नाही ना, तेही. व्हीपीएन चालू असेल तर बंद करून बघावं.

४. मग अँड्रॉइड. तो आधी गाडीच्या ब्लूटूथशी कॉलसाठी जोडला, मग अॅडॅप्टरशी. अँड्रॉइड ऑटोच्या सेटिंगमध्ये वायरलेस चालू केलं. लोकेशन आणि जवळच्या उपकरणांची परवानगी दिली. आणि बॅटरी बचतीतून अँड्रॉइड ऑटोला मोकळं केलं. ही शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात. बॅटरी वाचवण्यासाठी पुष्कळ फोन मागे चालणारी अॅप स्वतःहून मारतात, आणि मग पंधरा-वीस मिनिटांनी नकाशा विनाकारण जातो.

५. अॅडॅप्टरचं सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि सगळं पुन्हा एकदा बंद-चालू केलं.

चॅनेलबद्दल दोन शब्द. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा भारतात ऑक्टोबर २०१८ पासून विनापरवाना खुला आहे. पण त्यातले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत. तिथे बसलेल्या उपकरणाने रडारची चाहूल लागली की जागा सोडायची असते. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँडचं रडार आहे, ते याच पट्ट्याच्या आसपासचं. म्हणून अॅडॅप्टर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतच ठेवावा. या गाडीत १४९ वर इमारतीखाली जोडणीला वेळ लागत होता, ३६ वर ठेवल्यावर सुधारला. फास्टॅगमुळे जोडणी तुटते हा समज मात्र चुकीचा आहे. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो, अॅडॅप्टरच्या आसपासही नाही.

परत करायच्या मुदतीतली चाचणी

मुदत सात दिवसांची, म्हणून सातही दिवस नेमकं काय पाहायचं ते आधीच ठरवलं होतं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सुरू करून नकाशा दिसेपर्यंतचा वेळ रोज घड्याळावर मोजला: २२ ते २९ सेकंद, बोट लावण्याचा वेळ धरून. वायरने हेच पाच-सहा सेकंदांत होत होतं. पार्किंगमधून गेटपर्यंत जाईस्तो नकाशा येतो, त्यामुळे रोजच्या रस्त्याला हरकत नाही. अनोळखी पत्त्यावर निघताना मात्र नकाशा आल्याशिवाय गाडी हलवू नये.

रिव्हर्स कॅमेरा: नकाशा चालू असताना रिव्हर्स टाकला, कॅमेरा आला, पुन्हा ड्राइव्हमध्ये टाकल्यावर नकाशा परतला का? दहापैकी दहा वेळा. स्टिअरिंगवरचं आवाजाचं बटण दोन्ही फोनांवर चाललं. गाणं थांबवलं की आवाज थांबायला एक सेकंद लागत होता. अॅडॅप्टरच्या सेटिंगमध्ये मीडिया डिले १००० मिलिसेकंद होता, तो ५०० केला. ३०० वर फ्रीवेवर गाणं तुटायला लागलं म्हणून परत ५०० वर आणला. हा आकडा जितका कमी तितकी साठवण कमी, आणि साठवण कमी म्हणजे वाय-फाय जराही अडखळलं की ते कानाला कळतं.

दुपारी तीनला उघड्यावर चार तास उभी राहिलेली गाडी सुरू केली तेव्हा पहिल्या खेपेस अॅडॅप्टर जोडला गेला नाही, एसी लावून पाच मिनिटांनी जोडला गेला. हे एकदाच झालं. कप्प्यातून आणखी खाली, चालकाच्या गुडघ्याच्या बाजूला पण पेडलपासून दूर हलवल्यावर पुन्हा झालं नाही. पेडलच्या वाटेत केबल येणार नाही हे हाताने नाही, बसून पायाने तपासावं.

चार्जिंग स्टेशनवरची चाचणी सर्वांत समाधानाची. फोन खिशात, उतरून क्यूआर कोड स्कॅन, गन लावून परत सीटवर. चार्जर दहा-बारा पावलांवर असेल तर जोडणी तुटतसुद्धा नाही. मॉलच्या तळघरातल्या चार्जरवर नकाशा कोरा राहिला, पण तिथे फोनलाच नेटवर्क नव्हतं; मुंबई-ठाण्याचा नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवल्यावर तोही प्रश्न संपला.

फोनच्या बॅटरीचा हिशोब मात्र आधी कोणीच सांगत नाही. वायरने फोन आपोआप चार्ज होत होता. आता फोर्टपर्यंत पावणेदोन तास नकाशा, गाणी आणि वाय-फाय चालवून अँड्रॉइड फोन १८ ते २० टक्के उतरत होता. वायरलेस चार्जिंग पॅडवर ठेवून पाहिला, तर एप्रिलच्या उन्हात फोन इतका तापला की त्याने चार्जिंग स्वतःच थांबवलं. नकाशा, वाय-फाय आणि पॅड, तिघांची उष्णता एकाच पाठीवर. शेवटी १२ व्होल्ट सॉकेटमध्ये टाइप-सी चार्जर लावून लांबच्या दिवशी फोन वायरनेच चार्ज करायचं ठरलं. म्हणजे वायर गाडीतून गेली नाही, तिची गरज रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा झाली. याची कल्पना खरेदीआधी असावी, नाहीतर फसल्यासारखं वाटतं.

आणि फोन हातात घेऊ नये, ही गोष्ट वायरलेसमुळे उलट जास्त सांगावी लागते. वायरीला बांधलेला फोन जागेवर राहायचा, आता तो मांडीवर येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये चालवताना हातात फोन वापरणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. अँड्रॉइड फोनसाठी कन्सोलमध्ये रबरी तळाची जागा केली, आयफोन पर्समध्ये राहतो. पर्स सीटखाली गेली की जीपीएस डगमगतं, म्हणून ती शेजारच्या सीटवर.

दुसरा अॅडॅप्टर ठेवला. ग्लोव्ह बॉक्समध्ये दोन्ही डेटा केबली रबरबँड लावून ठेवल्या आहेत. आयओएसच्या अपडेटनंतर कारप्ले जोडला गेला नाही तर त्या दिवशी अॅडॅप्टर काढून वायरने जायचं, घरी आल्यावर अॅडॅप्टरचं अपडेट आलंय का बघायचं, आणि ते आल्यावर फोनमधली जुनी नोंद पुसून नव्याने जोडायचं. गणपतीला गावी जाताना अॅडॅप्टर पोर्टातून काढूनच ठेवतात. तीन मिनिटांनी पोर्ट झोपतो हे माहीत आहे, तरी गाडीचं सॉफ्टवेअर सर्व्हिसला अपडेट झालं की ते तीनाचे किती होतील हे दिव्याने पुन्हा पाहिल्याशिवाय धरून चालता येत नाही.